अटलांटिकचं जलपूजन

पाण्यापुढे माणूस नम्र होतो, असं मोठमोठ्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. ते लिहिणाऱ्यांपैकी कुणी आमच्या नानांना पाण्यापुढे उभं राहिलेलं पाहिलं नसावं. नाना समोर आले की पाणीच जरा अवघडल्यासारखं दिसायचं. नाना म्हणजे माझे वडील. फैजपूरच्या अलीकडे आमचा केळीचा मळा होता आणि नाना गावचे सरपंच होते, शिवाय केळी विकणाऱ्या सोसायटीचे चेअरमन. पंचक्रोशीत बंधारा भरला, पाझर तलाव भरला, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, की ताट, नारळ, साडी आणि नाना अशी चौकडी निघायची. जलपूजन हा त्यांचा हातखंडा. हळदकुंकू वाहायचं, साडी पाण्यात सोडायची, नारळ सोडायचा आणि मग मनोगत व्यक्त करायचं. मनोगत लहान नसायचं. पण बंधाऱ्यातलं पाणी जाणार कुठे? ते बिचारं अडवलेलंच. शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं.

मी मात्र पाण्याला भ्यायचे, अजूनही भिते. आज जळगावात तिसऱ्या मजल्यावर बसून हे लिहिते आहे, तापी इथून तीन-चार कोस तरी लांब आहे, तरी कूलरच्या टाकीत नळी सोडली की तो गुडगुड आवाज मला नकोसा होतो. नात हसते. तिला मी सांगितलेलं नाही की लहानपणी नाल्यावरच्या फरशीपुलावरून शेजाऱ्यांची बैलगाडी वाहून जाताना मी पाहिली आहे. आभाळ कोरडं होतं, ऊन पडलं होतं, पाऊस वर कुठेतरी सातपुड्यात झाला होता. बैल सुटले, गाडी गेली, आणि गाडीवानाचं पागोटं कितीतरी वेळ एका बाभळीला अडकून हलत राहिलं. गाडीवान पुढे सापडला, जिवंत सापडला, पण मला आठवतं ते पागोटंच. त्या दिवशी नानांनी मला काठावर उभं करून पाण्याचा कायदा शिकवला. "पाह्य पोरी, नेहमी वरच्या अंगाले पाहाचं. पानी गढूय झालं, त्याच्यात काड्या-कचरा दिसला, का काठ सोडाचा. पानी निवय असंन तोवर भ्याचं नही." हा कायदा खरा होता. आमच्याकडच्या प्रत्येक नदीनाल्याने तो पाळला. मी त्याच्या आधारावर मोठी झाले.

विनूकाका नानांचे धाकटे भाऊ, त्यांच्या तोंडी 'इन्या'. आजी-आजोबा लवकर गेले, म्हणून नानांनीच त्यांना वाढवलं, शिकवलं आणि दीपनगरच्या वीज केंद्रात चिकटवलं. तिथून ते टर्बाइनच्या कसल्या प्रशिक्षणाला फ्रान्सला गेले आणि तिकडच्याच एका कारखान्यात राहिले. तिकडे ते साहेब होते. फोनवर हाताखालच्या माणसांना असे डाफरायचे की भाषा कळत नसूनही माझी मान खाली जायची. पण नानांसमोर उभे राहिले की त्यांचे हात आपोआप पाठीमागे जात. ज्या भावाने वाढवलं त्याला 'नाही' म्हणायचं असतं, हे खानदेशात कुणी शिकवत नाही. पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

काकांनी आम्हाला बोलावलं, तेव्हा मी कॉलेजची शेवटची परीक्षा देऊन बसले होते. नाना, आई आणि मी असे तिघे निघालो. माझी निवड दुभाषी म्हणून झाली होती, कारण घरात इंग्रजी येणारी मी एकटी. फ्रान्समध्ये लोक इंग्रजी बोलत नाहीत हे आम्हाला तिथे उतरल्यावर कळलं. आणि फ्रेंच येणारे काका सोबतच होते, त्यामुळे सबंध प्रवासात नानांच्या चपला शोधणं एवढंच काम माझ्याकडे उरलं.

काकांनी समुद्राच्या कडेकडेने फिरण्यासाठी एक घरगाडी भाड्याने घेतली होती. मागे पलंग, मध्ये शेगडी आणि मोरी, पुढे स्टेअरिंग. आई पहिल्यांदा आत शिरली तेव्हा तिने उंबरठा शोधला, तो नाही म्हटल्यावर पायरीलाच हळदकुंकू लावलं. तिचं माहेर धुळ्याकडचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिने आपली अहिराणी सोडली नव्हती, आणि नानांनी आपली यावलकडची बोली. आमच्या घरात भांडणं दोन बोलींत व्हायची आणि जेवण एकाच बोलीत, म्हणजे आईच्या. त्या गाडीत सगळ्याला आवाज होता. नळ सोडला की जमिनीखालचा पंप घुर्र करायचा, वळण आलं की डब्यातले शेंगदाणे एका बाजूला सरायचे, ब्रेक लागला की तवा कपाटाचं दार ठोठावायचा. नाना पहाटे अंघोळीला बसले की टाकी संपायची आणि काका नळी घेऊन बाहेर जायचे. आई सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापायची. तो थपथप आवाज गाडीच्या पत्र्यातून इतका मोठा होऊन बाहेर जायचा, की एकदा शेजारच्या गाडीतली म्हातारी आत कुणी कुणाला मारतंय का ते पाहायला आली. तिला भाकरी आणि ठेचा मिळाला. दुसऱ्या दिवशी ती लांबूनच हात करून गेली.

आईने एकदा भरीतही केलं. तिकडची वांगी काळी, आखूड आणि गर्विष्ठ दिसणारी. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा जाळ नाही, म्हणून तिने ती शेगडीवर भाजली. गाडीच्या छताला एक यंत्र होतं, धूर झाला की किंचाळणारं. ते भरीत होईपर्यंत किंचाळत राहिलं. नाना शांतपणे जेवले आणि म्हणाले, "आपल्याकडे भरताच्या पार्टीले डफ वाजते, इथी हे वाजते." एवढं सोडलं तर ते दिवस मला भीतीचेच आठवतात. समुद्र सतत खिडकीत होता. रस्ता वळला की तो जायचा आणि मी सुटकेचा श्वास घ्यायच्या आत दुसऱ्या खिडकीत यायचा. मी वरच्या अंगाला पाहायची सवय सोडली नव्हती. पण समुद्राचं वरचं अंग कोणतं हे मला कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

मग आम्ही किनाऱ्यालगतच्या एका बेटावरच्या मिठागरांवर गेलो. केळीला पाणी देताना वाफे करतात तसे चौकोनी वाफे, त्यांत वीतभर पाणी, आणि बांधांवर पांढरे ढीग. आई गाडीच्या दारातच थबकली. "हाऊ ते बठ्ठा कापूस शे वं! धरणगावना जिनमा ऱ्हास तसा!" मीठ आहे म्हणून सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. तिने जवळ जाऊन चिमूट तोंडात टाकली आणि मग एक अख्खी पिशवी घेतली, लोणच्यासाठी. नानांनी बांधावरची माती उचलली, बोटांत चुरली, जिभेवर ठेवली, थुंकली आणि निकाल दिला, "जमीन खारवट आहे. केयी येनार नही." मीठ ओढणारा माणूस लाकडी फळी हातात धरून आमच्याकडे पाहत होता. काकांनी त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, त्याने नानांना नमस्कारासारखं काहीतरी केलं. नाना खूश झाले. अनर्थाची सुरुवात तिथे झाली असं मला आता वाटतं. नानांना वाटलं, इथेही आपल्याला ओळखतात.

बेटावरून परत जायला दोन वाटा होत्या. एक उंच, रुंद पूल. दुसरी जुनी वाट, समुद्राच्या तळातून जाणारी. दगडी फरशीचा रस्ता, ओहोटी असली की उघडा पडतो, भरती आली की पुरुषभर पाण्याखाली जातो, आणि हे रोज दोनदा होतं. काकांनी हे गंमत म्हणून सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. ते पुलाकडे वळायला लागले तसे नाना म्हणाले, "पूल आपल्याकडेबी आहेत. पूल पाहाले इतक्या लांब आलो का मी?" काकांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "जाऊ भाऊ, पण मध्ये थांबायचं नाही. वेळ थोडा आहे." रस्त्याच्या तोंडाशी मोठी पाटी होती. तिच्यावर पाण्यात अर्धी बुडालेली मोटार रंगवली होती. मी ती पाटी नीट पाहिली. परवा नातीने मोबाइलवर तो रस्ता शोधून दाखवला. म्हणाली, "आजी, इथे तर एवढी मोठी पाटी आहे. तुम्ही वाचली नाही?" वाचली होती ना. चित्र कळायला फ्रेंच लागत नाही.

रस्ता खरोखर समुद्राच्या पोटातून गेला होता. दोन्हीकडे ओला चिखल, शेवाळलेले दगड, मध्ये मध्ये डबकी. थोड्या थोड्या अंतरावर उंच खांब, त्यांना शिडी, आणि वर कठड्याचं मचाण. नानांनी विचारलं, "इथी पाखरं राखतात का रे, इन्या?" काका म्हणाले, "अडकलेल्या माणसांसाठी आहेत." आईने लगेच पदर डोक्यावर घेतला. अर्ध्यावर आल्यावर नाना म्हणाले, "थांबव."

काका म्हणाले, "भाऊ, इथे नाही. पलीकडे जाऊ, तिथे किनारा आहे."

"किनाऱ्यावर तं कोनीबी करतं. समुद्राच्या मधात उभं राहून पूजा केली असं जळगाव जिल्ह्यात एक मानूस दाखव मले." नानांनी पिशवी काढली होती. तिच्यात ताट होतं, हळदकुंकवाच्या डब्या होत्या, हिरवी साडी होती, शाल होती, आणि फैजपूरहून आणलेला नारळ होता. म्हणजे हे घरूनच ठरवून आणलेलं होतं. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि गाडी कडेला घेतली. त्यांना वेळ ठाऊक होती, पाणी ठाऊक होतं. पण थांबव म्हणणारा भाऊ होता.

पूजा नेहमीसारखीच झाली, म्हणजे सावकाश. आईने एका डबक्याला हळदकुंकू वाहिलं. साडी पाण्यात सोडली, ती सुटेना, कारण पाणी पुरेसं नव्हतं. एका दगडावर पसरून राहिली. मग नानांनी शाल खांद्यावर घेतली, टोपी नीट केली आणि मनोगत सुरू केलं. त्यात तापी आली, पूर्णा आली, केळीचा भाव आला, विनूकाकांचं बालपण आलं. ऐकायला आम्ही तिघेच होतो. शेजारून मोटारी किनाऱ्याकडे वेगाने जात होत्या. त्या आमच्याजवळ आल्या की भोंगा वाजवायच्या. नाना प्रत्येक भोंग्याला थांबून हात जोडायचे. "मानसं चांगली आहेत इथली," ते मध्येच म्हणाले. एका मोटारीतल्या बाईने काच खाली करून हात गोल गोल फिरवला आणि काहीतरी ओरडली. नानांनी तिलाही हात जोडले. ती शेवटची मोटार होती. तिच्यानंतर कुणी आलं नाही, आणि तो रस्ता एकदम फार शांत झाला.

"भाऊ, आटपा आता," काका म्हणाले.

"कायची घाई आहे? आभाय कोरडं आहे. पानी निवय आहे." नानांनी मान वळवून दोन्हीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच थोडे गोंधळले. "वरचं अंग कोनतं रे याचं?"

काका म्हणाले, "भाऊ, याला वरचं अंग नसतं."

हे वाक्य ऐकलं आणि मी खाली पाहिलं. इतका वेळ मी गढूळ पाण्याची वाट पाहत होते. काड्या-कचरा दिसेल, फेस दिसेल, आवाज येईल, मग मी ओरडेन, असं मनाशी धरून उभी होते. आणि पाणी आलेलं होतं. ते पुरासारखं अंगावर येत नव्हतं. ओट्यावर दूध सांडावं तसं ते बिनआवाजाचं पसरत होतं, स्वच्छ, नितळ, तळाचा दगड न् दगड दिसेल असं. दगडावरची हिरवी साडी हळूच उचलली गेली आणि चालू लागली. आईनेच ते पहिल्यांदा पाहिलं. "पोरी, इकडथीन बी पानी ई ऱ्हायनं वं! तिकडथीन बी!" आमच्या गावी पाणी एका बाजूने येतं. दुसऱ्या बाजूला पळता येतं. इथे पळायला बाजूच नव्हती.

आम्ही गाडीत शिरलो. काकांनी गाडी दामटली. आत डबे एकावर एक आदळत होते, शेंगदाणे सांडून जमिनीवर पळत होते, तवा दार ठोठावत होता. पुढे रस्त्याला खोलगट जागा होती, ती आधीच बुडाली होती. काकांनी त्यात गाडी घातली. चाकं शेवाळावरून घसरली, इंजिनाने दोनदा खोकल्यासारखं केलं आणि ते बंद पडलं. मग फक्त पाण्याचा आवाज उरला, पत्र्याला खालून चाटणारा. पायरीवरचं हळदकुंकू मी धुऊन जाताना पाहिलं. काका वळून म्हणाले, "उतरा. खांबाकडे चला. काही घेऊ नका." आवाज अगदी साधा होता.

पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं आणि बर्फासारखं थंड होतं. त्याला ओढ होती. खांब जवळच होता, पण तिथपर्यंत जाताना दगड पायाखालून सरकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ते बाभळीला अडकलेलं पागोटं सारखं हलत होतं. मी शिडी चढले. आई चढली, कशी ते तिला स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही. नाना खाली थांबले. एका हातात ताट, दुसऱ्यात नारळ. नारळ सोडायचा राहिला होता. पाणी गुडघ्यांना लागलं होतं, धोतर तरंगत होतं, आणि नाना वर शिडीकडे अशा नजरेने पाहत होते, जणू सभेत कुणी त्यांना मागच्या रांगेत बसायला सांगितलं होतं. म्हणाले, "गाडी आहे नं. टपावर बसू. मी काय माकड आहे का खांबावर चढाले?"

"भाऊ, चढा."

"इन्या, तू भ्याला. पानी निवय..."

काकांनी त्यांच्या हातातलं ताट हिसकावलं आणि फेकून दिलं. हळद पाण्यावर क्षणभर पिवळी दिसली. मग त्यांनी नानांना शिडीकडे वळवलं, वाकून आपला खांदा त्यांच्या बुडाखाली घातला आणि केळीचा घड ट्रकमध्ये चढवतात तसं त्यांना वर रेटलं. लहानपणी सुट्टीत काकांनी ते काम केलं होतं, नानांनीच लावलं होतं. भरताना हमाल जसा हुंकार देतात तसा हुंकारही त्यांनी दिला. नाना शिडी चढले. मचाणावर आल्यावर ते कुणाकडे न पाहता कठडा धरून बसले. नारळ त्यांच्या हातात तसाच होता.

वर चौघांना जेमतेम जागा होती. खाली पाहिलं तर रस्ता नव्हता. थोड्या वेळाने खाली पाहिलं तर पाटीवरच्या चित्रासारखी आमची गाडी होती, आणि आणखी थोड्या वेळाने ती किंचित वळली, झोपेत कूस बदलावी तशी. आतून भांड्यांचा आवाज आला. वाऱ्याने खांब थरथरत होता. आईच्या मांडीवर मिठाची पिशवी होती. काही घेऊ नका म्हटल्यावर पासपोर्ट, पैसे, औषधं सगळं टाकून तिने ती उचलली होती, आणि आता ती भिजून थेंब थेंब गळत होती. नानांच्या खांद्यावरची शाल काकांनी काढून आईभोवती गुंडाळली. एक होडी लांबून आली. आम्ही ओरडलो, मी तर रडलेच. होडीतल्या माणसाने आम्हाला नीट न्याहाळलं, तळहात दाखवून 'बसून राहा' अशी खूण केली आणि तो निघून गेला. त्याच्या दृष्टीने आम्ही सुरक्षित होतो. तो गेल्यावर मला जी भीती वाटली तशी पुढे कधी वाटली नाही, माझ्या बाळंतपणात नाही आणि नवऱ्याच्या शेवटच्या आजारात नाही. त्या दोन्ही वेळी निदान पाय जमिनीवर होते.

तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी धरलं. मला वाटलं आई. नाना होते. त्यांनी इतक्या बारीक आवाजात विचारलं की वाऱ्यात ते ऐकू येऊ नये असंच त्यांना वाटत असावं. "शैला, वसरंन नं हे पानी?"

माझ्या वडिलांनी मला प्रश्न विचारलेला मला आठवत नाही. ते सांगायचे, मी ऐकायचे. जगात पाण्याला न भिणारा एक माणूस आहे, या भरवशावर मी इतकी वर्षं निवांत भीत आले होते. तो माणूस आता माझं मनगट धरून बसला होता. त्याच्या पलीकडे कुणी नव्हतं. समुद्रापेक्षा मला या गोष्टीचीच जास्त भीती वाटली. मग मी त्यांचाच कायदा त्यांना परत दिला. "ओसरेल नाना. पाणी निवळ आहे. काड्या-कचरा काही नाही." त्यांनी खाली पाहिलं, नीट पाहिलं, आणि मान हलवली. पण मनगट सोडलं नाही. काका पाठमोरे उभे होते. त्यांनी ऐकलं असणार. ते वळले नाहीत.

तिकडे उन्हाळ्यात सूर्य आपल्या रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत आभाळात असतो. तो खाली उतरला तसं पाणीही उतरू लागलं, आलं होतं तसंच, न सांगता. आधी गाडीचा टप मोठा झाला, मग चाकं दिसली, मग फरशी. छातीपर्यंत रबरी विजार घातलेला एक माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. आम्ही उतरतोय तोवरच त्याने काकांना झापायला सुरुवात केली. भाषा कळत नसली तरी झापणं कळतं. त्याने गाडीकडे बोट केलं, खांबाकडे केलं, आभाळाकडे केलं, स्वतःच्या कपाळाकडे केलं. काका हात मागे बांधून ऐकत होते. नानांनी ओली टोपी डोक्यावर नीट बसवली आणि विचारलं, "काय म्हनतो हा?"

काकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, "म्हणतो, या समुद्राची अशी पूजा आजवर कुणी केली नाही."

नाना सावकाश ताठ झाले. मला दिसत होतं, मणका मणका करून ते परत उभे राहत होते. "त्याले सांग, ही आमची पद्धत आहे." मग त्यांनी आईच्या अंगावरची शाल मागून घेतली, पुढे होऊन ती त्या माणसाच्या खांद्यांवर घातली, आणि इतका वेळ धरून ठेवलेला नारळ त्याच्या हातात दिला. गार वारा सुटला होता. शाल त्याने काढली नाही. नारळ ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवला आणि आमची गाडी ओढायला दोर बांधू लागला.

काकांनी ताट फेकल्याबद्दल नाना त्यांना कधीच काही बोलले नाहीत. खांदा लावल्याबद्दलही नाही. परत निघताना विमानतळावर काका पाया पडले तेव्हा नानांचा हात त्यांच्या डोक्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला, एवढंच मी पाहिलं. ते मीठ आईने वाळवलं आणि त्या वर्षीचं कैरीचं लोणचं त्यात घातलं. चांगलं टिकलं.

गावात आल्यावर सोसायटीच्या सभागृहात नानांचा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, पाठीमागे फलक होता आणि त्यावर 'सातासमुद्रापार जलपूजन' असं लिहिलं होतं. मी पहिल्या रांगेत बसले होते, आईच्या शेजारी. माझ्या मनगटावर नानांच्या बोटांचा पुसटसा डाग अजून होता. नानांनी समुद्राच्या मधोमध उभं राहून केलेल्या पूजेचं वर्णन केलं. खांब आणि मचाण त्यात आलं नाही. "आन मंग पानी चढलं," ते म्हणाले. "चारी अंगानं चढलं. गाडी बुडाली. मी काय केलं?" इथे त्यांची नजर माझ्यावर आली आणि ते थांबले. सभेला वाटलं, वक्ता हवा तिथे थांबला. मी मात्र त्यांच्याकडे पाहून मान हलवली, मचाणावर त्यांनी हलवली होती तशी. "मी हात जोडले," नाना म्हणाले, "आन समुद्र मांगे सरला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. तिथला समुद्र रोज दोनदा मागे सरतो.